वही कोणाच्या हातात?

(उपनगरांतील मंडळ्यांच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात, उपकारस्तुतीच्या उपासनेनंतर, आदिवासी पाड्यांवरील व्यवसाय-प्रशिक्षण आणि लहान कर्जांच्या कामाविषयी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोन-तीन चांगल्या साक्षी सांगा, लोकांना उत्तेजन मिळेल, असं मला सांगण्यात आलं होतं. साक्षी मी सांगणार आहे. पण पहिली साक्ष माझ्या चुकीची आहे, आणि तुम्हाला ती ऐकण्याचा हक्क आहे. कारण ती चूक यश म्हणून आपल्याच त्रैमासिकात छापून आली होती आणि ते वाचून तुमच्यापैकी काहींनी दान पाठवलं होतं.

काही वर्षांपूर्वी आपण एका ताईंचा फोटो छापला होता. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या एका पाड्यावर राहणाऱ्या, वारली समाजातल्या ताई. नाव सांगत नाही, तशी त्यांचीच इच्छा आहे. आपण त्यांना शिवणकाम शिकवलं, शिलाई मशीनसाठी कर्ज दिलं. हप्ते आठवड्याचे होते. एकही हप्ता चुकला नाही, वर्षाच्या आत कर्ज फिटलं. आमच्या अहवालात त्यांच्या नावापुढे 'पूर्ण परतफेड' असा शेरा मी स्वतःच्या हाताने लिहिला.

पुढच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी बोरिवली स्टेशनाबाहेर पडले, तर त्याच ताई फुटपाथवर प्लास्टिक अंथरून बसलेल्या. समोर शेवळांच्या जुड्या, टाकळा, थोडी कंटोळी. मी विचारलं, "ताई, मशीन?"

"आहे ना घरी. गोधडी घातलीय वर."

"मग हप्ते कुठून भरलेत?"

"ह्यातूनच," त्यांनी भाजीकडे हात केला. "आणि कमी पडले की सकाळच्या माणसाकडून घ्यायचे."

सकाळचा माणूस म्हणजे पहाटे फेरीवाल्यांना पैसे देऊन संध्याकाळी वसूल करणारा. आपल्या कर्जाचा हप्ता वेळेवर भरता यावा, म्हणून ही बाई आपल्यापेक्षा कितीतरी महागडं कर्ज दुसऱ्याकडून घेत होती. पाड्यावर कपडे शिवून घेणारं गिऱ्हाईक नव्हतं. शहरातल्या दुकानाचं काम मिळालं तर ते इतक्या कमी दराचं, की रिक्षाचे पैसेही सुटत नव्हते. मी म्हटलं, "हे मला का नाही सांगितलंत?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही एवढं चांगलं करत होता बाई. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही कोणाला फसवलं नव्हतं, व्याज जास्त लावलं नव्हतं, हिशोबात पैचाही घोळ नव्हता. तरीसुद्धा एका वर्षात आम्ही त्या बाईच्या डोक्यावर ओझं ठेवलं होतं आणि त्या ओझ्याला आशीर्वाद म्हटलं होतं.

आज मला तुमच्यापुढे एकच गोष्ट मांडायची आहे. कर्ज देणं म्हणजे आपोआप दया नव्हे. तोच रुपया एका घराला मोकळं करतो आणि दुसऱ्या घराला बांधून टाकतो. फरक कशाने पडतो, तर माणसाच्या घरात आधी काय आहे हे विचारलं होतं का, आणि हिशोबाची वही कोणाच्या हातात आहे, यावरून.

२ राजे या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातली विधवा तुम्हाला माहीत आहे. नवरा वारला, कर्ज राहिलं, आणि सावकार तिचे दोन मुलगे गुलाम म्हणून न्यायला आला. ती अलीशा संदेष्ट्याकडे रडत गेली. अलीशाने काय केलं हे जरा सावकाश पाहा. त्याने आपली थैली उघडली नाही आणि तिला काय हवं हेही स्वतः ठरवलं नाही. आधी त्याने तिच्या घरात काय आहे ते विचारलं. काही नाही, फक्त तेलाची एक कुपी, असं ती म्हणाली. मग त्याने तिला शेजारणींकडून रिकामी भांडी मागून आणायला लावली, आणि तीही थोडीथोडकी नव्हेत. तेल ओतलं तिनेच, स्वतःच्या घरात, दार लावून, मुलांना बरोबर घेऊन. शेवटी त्याने सांगितलेला क्रमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी तेल विकायचं, मग देणं फेडायचं, आणि उरेल त्यावर घर चालवायचं. घर चालण्याइतकं उरलं नाही, तर ती सुटका अर्धवटच राहते.

आम्ही त्या ताईंना विचारलं नव्हतं की तुमच्या घरात काय आहे. आमच्याकडे शिवणाचे वर्ग होते, कोणीतरी प्रेमाने मशीनसाठी दान दिलं होतं, म्हणून आम्ही मशीन दिलं. त्यांच्या घरात काय होतं? रानभाजीचं ज्ञान होतं. शेवळं घशाला खाजतात म्हणून त्यात काकडं घालायची, टाकळा कोवळा असतानाच खुडायचा, भारंगीचा कडवटपणा कसा काढायचा, हे शहरातल्या गिऱ्हाइकाला समजावून सांगण्याची हातोटी होती. डहाणूकडे माहेर होतं, तिथून माल मिळत होता. उद्यानातून काही तोडून आणायला कायद्याने मनाई आहे. पण २०१३ साली उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत गेल्यापासून पहाटेच्या गाडीने भाजी आणणं सोपं झालं आहे. एवढी मोठी कुपी घरात असताना आम्ही त्यांना बाहेरून दुसरंच तेल आणून देत होतो.

आता आदिवासींच्या बाबतीत हा प्रश्न इतका नाजूक का आहे, ते सांगते. आपण शहरातली माणसं कर्ज म्हटलं की बँक, घर, गाडी असा विचार करतो. वारली आणि कातकरी समाजाच्या आठवणीत कर्ज या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यात 'लग्नगडी' नावाची पद्धत होती. तरुण मुलाने लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्याबदल्यात गडी म्हणून त्याच्याकडे राबायचं. पुष्कळदा बायकोलाही राबावं लागे. रक्कम लहान असे, पण वही सावकाराच्या घरात आणि कर्जदाराला वाचता येत नसे. वर्षं जात, देणं फिटत नसे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन या अधिकाऱ्याने सरकारला दिलेल्या अहवालात ही पद्धत नोंदवली. १९४५ साली तलासरी-उंबरगाव भागात वारली उठले ते याच वेठीविरुद्ध. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्या काळाची हकीगत आहे. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला.

पण उचल अजून आहे. पावसाळा संपता संपता कातकरी कुटुंबं वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतात आणि मुलाबाळांसकट भट्टीवर जातात. हंगामाच्या शेवटी हिशोब होतो, आणि तो कोण करतं? ज्याच्या हातात वही आहे तो.

म्हणून पाड्यावर जाऊन 'आम्ही तुम्हाला कर्ज देतो' असं म्हणणं किती मोठं वाक्य आहे, हे आपण ओळखलं पाहिजे. आजीने ते वाक्य वेगळ्या तोंडून ऐकलेलं असतं.

मग कर्ज द्यायचंच नाही का? तसं नाही. शास्त्रातही गरिबाला उसने देण्याची आज्ञा आहे. पण त्याबरोबर कुंपणही घातलेलं आहे. गरिबाकडून व्याज खाऊ नये, गहाण घेतलेलं पांघरूण सूर्य मावळण्याआधी परत करावं, आणि कोणाचं जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण ठेवून घेऊ नये. जातं गेलं तर ती बाई दळणार कशावर, आणि खाणार काय? पोट ज्यावर चालतं, ते साधन देणेकऱ्याच्या घरातून हलू नये, असा तो नियम आहे.

आणि चांगलं कर्ज कसं असतं हेही आपल्या मंडळीच्या इतिहासात आहे. जर्मनीत फ्रीड्रिख राइफाइझेन नावाचा एक गावप्रमुख होता, श्रद्धाळू प्रोटेस्टंट. १८४६-४७ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला, तेव्हा त्याने गावातल्या सधन लोकांना एकत्र करून गरिबांना भाकर मिळण्याची सोय केली. पुढे शेतकऱ्यांना सावकारांपासून सोडवायला त्याने धर्मादाय मंडळंही काढली. पण वर्षांच्या अनुभवाने त्याला कळलं की देणारे एका बाजूला आणि घेणारे दुसऱ्या बाजूला असले, तर देणाऱ्यांचा उत्साह संपला की काम संपतं. म्हणून १८६४ साली त्याने हेडेसडोर्फ इथे जी पतपेढी उभी केली, तिचे सभासद कर्ज घेणारेच होते. जो कर्ज घेणार तोच मालक आणि तोच जामीन.

हा विचार आपल्या देशात आला, १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आणि १९०९ साली छोटानागपूरमध्ये रांचीला योहान हॉफमन या जेज्वीट मिशनरीने मुंडा आणि उरांव आदिवासींसाठी सहकारी पतसंस्था सुरू केली. त्यांच्या जमिनी सावकारांच्या घशात जात होत्या. हॉफमन मुंडारी भाषेचे मोठे अभ्यासक होते. आधी भाषा शिकले, जमिनीचा प्रश्न समजून घेतला, मग पैशाला हात घातला. हा क्रमही मला महत्त्वाचा वाटतो.

फार लांब कशाला जा? याच मुंबईत, गिरणगावात, १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. गावाकडे कुटुंब ठेवून आलेल्या गिरणी कामगारांसाठी ज्या बायका घरी खाणावळ चालवत, त्यांच्यासाठी. कामगार पैसे देणार महिन्याच्या शेवटी, आणि किराणा तर रोज हवा. मग वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज, गहाण पडलेले दागिने. त्या बायकांना नवीन धंदा शिकवायची काही गरज नव्हती, पन्नास माणसांच्या जिभेची चव सांभाळणाऱ्या त्या बायका होत्या. त्यांना लागत होतं ते महिनाभराचं भांडवल, सावकाराशिवाय. राष्ट्रीयीकृत बँकेने गटातल्या बायकांना कर्ज दिलं आणि एकीने दुसरीची हमी घेतली. घरात काय आहे ते पाहिलं, शेजारणींना बरोबर घेतलं. विधवेच्या तेलाचीच गोष्ट आहे की नाही?

त्या संध्याकाळनंतर आम्ही आमचं काम बदललं. आता आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगते, म्हणजे तुमचं दान कुठे जातं ते कळेल.

पहिली गोष्ट, आम्ही कर्जाने सुरुवात करत नाही. वहीने करतो. पाच-सहा जणींचा गट बसतो आणि किमान तीन महिने फक्त हिशोब ठेवतो. आज किती आणलं, किती विकलं, किती उरलं, किती सुकून गेलं, घरी किती खाल्लं. ज्यांना लिहिता येत नाही त्या रेघा मारतात. जुडीला एक रेघ, वाट्याला एक टिंब. वही त्यांच्या घरी राहते, आमच्या कपाटात नाही. आणि पिशव्या दोन, एक धंद्याची आणि एक घराची. ऐकायला सोपं वाटतं. पण घरी पोराला ताप आला की धंद्याची पिशवी सुटते, आणि सुटली हे कळण्यासाठी तरी ती वेगळी असावी लागते.

या वहीने काय होतं, एक उदाहरण घेऊ. समजा, एखादी ताई सकाळी ९०० रुपये हातात घेते आणि संध्याकाळी १,००० परत करते. तिला वाटतं, शंभरच तर गेले. महिन्यात २५ दिवस बसली तर शंभराचे अडीच हजार होतात. म्हणजे ९०० रुपयांच्या भांडवलावर महिन्याला २,५०० रुपये व्याज. हे आम्ही भाषणात सांगितलं तर कोणाला पटत नाही. स्वतःच्या वहीत पंचवीस रेघा मोजल्या की एका शब्दाची गरज पडत नाही. आणि मग प्रश्नच बदलतो. मोठं कर्ज कुठे मिळेल हा प्रश्न राहत नाही. हे ९०० रुपये माझे स्वतःचे कधी होतील, हा होतो. रोज वीस रुपये बाजूला टाकले तर ४५ दिवसांत. सावकाराचा हप्ता चालू असताना वीससुद्धा जड जातात, म्हणून तिथे आपलं लहानसं कर्ज उपयोगी पडतं. दोन-तीन हजारांच्या वर पहिलं कर्ज आम्ही देत नाही.

दुसरी गोष्ट, हप्ता ऋतू पाहून ठरतो. एकाच पाड्यावर दोन शेजारणी असतात. एकीची कमाई पावसाळ्यात, कारण रानभाजी पावसाळ्यात. दुसरीचं घर बिगारीवर चालतं आणि पावसाळ्यात बांधकामं मंदावतात. दोघींना एकाच तारखेचा, एकाच रकमेचा हप्ता लावणं कार्यालयाला सोयीचं आहे, त्यांना नाही. आता कोणाचा हप्ता जूनमध्ये सुरू होतो, कोणाचा दिवाळीनंतर. आमच्या हिशोबनीसांना डोकेदुखी झाली आहे, त्यांच्यासाठी प्रार्थना करा.

तिसरी गोष्ट, कधी कधी आम्ही कर्ज नाही म्हणतो, आणि हे सर्वांत अवघड आहे. घरात आजारपण आहे, आधीच दोन ठिकाणचे हप्ते चालू आहेत, अशा घराला तिसरं कर्ज म्हणजे मदत नव्हे. तिथे औषधाला पैसे द्यायचे तर ते दान म्हणून द्यावेत, सरळ, परत न मागता. दान आणि कर्ज यांची गल्लत करू नये. २०१० साली आंध्र प्रदेशात सूक्ष्म कर्जाचं मोठं संकट आलं, त्यामागे हेच होतं. एकाच घराला अनेक संस्थांनी कर्ज दिलं, वसुलीची सक्ती झाली, आणि गटाची हमी म्हणून ज्या शेजारणी आधाराला होत्या त्याच दारात वसुलीला उभ्या राहिल्या. गट ही दुधारी वस्तू आहे. आमचाही एक गट असाच मोडला, आणि त्या दोन घरांत अजून बोलणं नाही. हेही तुम्हाला सांगितलं पाहिजे.

तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंनीही बहुधा असं गटाचं कर्ज घेतलेलं असेल. त्यांना दोन-चार गोष्टी जरूर सांगा. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केले आहेत. वर्षाला तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं असं कर्ज विनातारण असलं पाहिजे. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. कर्जाची माहिती कर्जदाराला समजेल अशा भाषेत दिली पाहिजे, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाहीत. कर्जाचं कार्ड मागा आणि वाचून दाखवा. तुमच्या अर्ध्या तासाने एखादं घर वाचेल.

आमच्या प्रशिक्षणातही आता या गोष्टी असतात. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ सालचा आहे. माल जप्त झाला तर त्याची यादी मिळाली पाहिजे, आणि नाशवंत माल मागणी केल्याच्या त्याच दिवशी परत मिळाला पाहिजे. शेवळांच्या जुड्या दुसऱ्या दिवशी परत मिळून उपयोग काय? २०२० पासून केंद्राची स्वनिधी योजना आहे, तिच्यातून फेरीवाल्यांना तारण न देता कर्ज मिळू शकतं. त्यासाठी विक्रेत्याचं ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. कागद जमवायला बरोबर जाणारं माणूस असलं तर काम होतं, नसलं तर बाई दोन खेपांत कंटाळून सावकाराकडे परत जाते, कारण तो कागद मागत नाही.

आणि एक नवी गोष्ट. आता गिऱ्हाईक सुटे पैसे काढत नाही, फोन पुढे करतं. टोपलीला क्यूआर कोड लावलेला दिसतो, आपल्याला वाटतं, वा, प्रगती झाली. पण तो कोड कोणाच्या खात्याचा? पुष्कळदा मुलाचा किंवा पुतण्याचा. दिवसभर उन्हात बसते ती, पैसे जमा होतात दुसऱ्याच्या खात्यात, आणि संध्याकाळी तिला मागावे लागतात. म्हणून कर्जाआधी आम्ही तिचं स्वतःचं बँक खातं आणि तिचा स्वतःचा कोड करून घेतो. वही हातात हवी म्हणतो, त्यात हेही आलं.

आपल्या मराठी मंडळ्यांना हे काही परकं नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या मुलींना आणि विधवांना नुसता आसरा दिला नाही. विणकाम, शेती, छपाई अशी कामं त्यांच्या हाती दिली. त्या छापखान्यात बायका खिळे जुळवत होत्या, त्या काळात! ज्याला आपण आज 'सक्षमीकरण' असा मोठा शब्द वापरतो, त्याला तिथे रोजचं काम म्हणत.

आता तुमच्याकडे मागणं. मागितल्याशिवाय मिशनच्या माणसाला खाली बसवत नाही, हे मला माहीत आहे.

पैसे तर लागतातच. पण पैशाबरोबर मला तुमची एक सवय बदलून हवी आहे. दरवर्षी मला विचारलं जातं, यंदा किती कर्जं दिली आणि वसुली किती टक्के? दोन्ही आकडे मी देऊ शकते. पण त्या ताईंची वसुली शंभर टक्के होती, हे आता तुम्हाला माहीत आहे. म्हणून पुढच्या वर्षी मला वेगळं विचारा. किती जणींना यंदा कर्जाची गरजच पडली नाही? किती जणी सकाळच्या माणसाकडून सुटल्या? वही किती घरांत आहे? या प्रश्नांची उत्तरं छोटी असतील, अहवालात उठून दिसणार नाहीत. पण अहवाल लिहिणारी माणसंही माणसंच असतात. तुम्ही जे विचारता, तेच आम्ही मोजायला लागतो.

दुसरं, गिऱ्हाईक व्हा, आणि नेमाने व्हा. आरे वसाहतीत २७ आदिवासी पाडे मोजले जातात. अंधेरी-गोरेगावकर मंडळींच्या दारात आहेत ते. बोरिवलीला उद्यानातले नवापाडा, रावणपाडा, तुमणीपाडा आहेत. मुलुंडकरांच्या पाठीला तोच डोंगर आहे. मंडळीच्या प्रीतिभोजनाला वर्षातून एकदा रानभाजी आणि दर आठवड्याला मोठ्या दुकानातली पिशवी, असं नको. पावसाळ्यात शनिवारी पाच घरांनी मिळून एका ताईकडून भाजी घेतली, तर तिला सुकून जाणारा माल कमी होतो. आणि घासाघीस करू नका. दहा रुपयांसाठी आपण जी हुशारी दाखवतो, ती पुन्हा त्या सकाळच्या माणसाच्याच खिशात जाते.

तिसरं, वेळ द्या. आपल्या मंडळ्यांत निवृत्त बँक कर्मचारी आहेत, शिक्षिका आहेत, हिशोब तपासणारी माणसं आहेत. महिन्यातून दोन दुपारी पाड्यावर येऊन गटाजवळ बसा. शिकवायला या असं मी म्हणत नाही. बेरीज तपासायला या, आणि चार गोष्टी शिकून जा. आपला तरुण संघ बँक खात्याचं आणि फोनचं काम आमच्यापेक्षा चांगलं करेल.

शेवटी त्या ताईंकडे परत येते. मशीन आम्ही परत घेतलं आणि ज्या बाईला खरंच शिवणाचं गिऱ्हाईक होतं तिला दिलं. भरलेल्या हप्त्यांचे पैसे ताईंना परत करायचे असं आमच्या समितीने ठरवलं. काही सभासद म्हणाले, असं केलं तर उद्या सगळेच मागतील. दुसरे म्हणाले, जातं गहाण घेऊच नये असं सांगितलंय, मग घेतलं गेलं असेल तर ते परत करायला उशीर झाला असं कसं म्हणायचं? पैसे परत केले. त्यातून त्यांनी सकाळच्या माणसाचं उरलेलं देणं फेडलं आणि पुढच्या मालाची खरेदी स्वतःच्या पैशाने केली.

यंदाच्या जूनमध्ये मी त्यांना विचारलं, "ताई, गटातून कर्ज हवंय का? हंगाम चांगला दिसतोय."

त्यांनी धंद्याची पिशवी उघडली, आत पाहिलं, आणि म्हणाल्या, "नको बाई. यंदा पुरेल."

आमच्या कर्जाच्या नोंदीत ही गोष्ट येणार नाही, कारण कर्ज दिलंच नाही. म्हणून तुम्हाला इथे सांगितली. उपकारस्तुतीच्या दिवशी आपण देवापुढे जे आणलं, त्यात हे 'नको' सुद्धा मोजावं, एवढीच विनंती.

देव आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.